लॅपटॉपांची लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा

"आजोबा, वही जरा वर घ्या."

सरांनी वही वर घेतली.

"आता पंखा दिसतोय."

सरांनी वही खाली घेतली.

"आता तुमचा अंगठा दिसतोय. खूप मोठा."

रविवारी सकाळी अकरा वाजता हा असा अपूर्णांकांचा तास चाले. अलीकडे, साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनसमोर, अडतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले सर. पलीकडे, विमानानेच जावं लागेल इतक्या लांबच्या गावी, त्यांची नऊ वर्षांची नात. तिला एक चांगलं तीन अक्षरी नाव होतं, पण घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. एका जागी सलग तासभर बसून तिने आजवर एकच काम केलं होतं, ते म्हणजे हा रविवारचा तास. सरांना या गोष्टीचा किती अभिमान होता, हे सांगून पटणार नाही. बक्षीस घ्यायला जाणाऱ्या माणसासारखे ते शनिवारीच दाढी करून ठेवत.

त्या रविवारी तास संपल्यावर पडद्यावर भिंगरीच्या जागी तिची आई आली. सरांची एकुलती एक लेक. तिने आधी चष्मा काढला, पुसला, परत घातला. लहानपणी काही फोडल्यावर ती असंच करायची, म्हणून सर सावध झाले.

"बाबा, रागावू नका हं. पुढच्या महिन्यापासून हिला एका ऑनलाइन वर्गाला घालते आहे. रविवारी अकरालाच असतो. तिथे दोघांनाही एकाच पानावर लिहिता येतं. आणि चुकलं तरी चांदणी देतात."

"चुकलं तरी?"

"प्रयत्न केल्याबद्दल."

प्रयत्नाबद्दल निदान अर्धा गुण द्यावा असा विचार सरांनीही नोकरीत एकदा केला होता, पण त्या वर्षी शाळेचं छप्पर गळायला लागलं आणि तो विषय मागे पडला.

"तुमची पण धावपळ वाचेल," लेक म्हणाली.

धावपळ! साखरेच्या डब्यापर्यंतची! सरांनी हिशेब केला. पुढचा महिना लागायला दोन रविवार होते. दोन रविवारांत दोघांना एकाच पानावर लिहिता येईल असं काहीतरी उभं केलं, तर तास वाचणार. नाहीतर चांदण्या जिंकणार.

"ते यंत्र मीच घेतो," सर म्हणाले आणि फोन ठेवला. कुठलं यंत्र, हे त्यांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. काकू म्हणजे सरांची पत्नी. सर सोडून सगळी इमारत त्यांना काकू म्हणते.

"अहो, त्या पोरीला पंख्याचं काही वाटत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या लाल पेनाचं वाटतं. चूक दिसली की लगेच आपलं गोल. गोल काढायला तुम्हाला अर्धा क्षण लागत नाही."

"चूक दाखवायची नाही, तर मग शिकवायचं काय?"

"ते मला विचारू नका. मी कुठे शिक्षक आहे?" काकू साखरेचा डबा उचलून आत गेल्या.

सोमवारी सर दुकानात पोहोचले. काउंटरवर चाळिशीच्या एक बाई होत्या. त्यांच्या खिशावर 'सल्लागार' अशी पट्टी होती आणि बोलण्यात सल्ल्याचा संथपणाही होता. सरांनी गरज सांगितली: पडद्यावर पेनाने लिहिता आलं पाहिजे, लिहिलेलं नातीला दिसलं पाहिजे, आणि पंखा दिसता कामा नये.

बाईंनी दोन लॅपटॉप पुढे ठेवले. दोन्ही अंगाने सडपातळ, दोन्ही चकचकीत, आणि किमती अशा की सरांनी त्या चष्मा काढून पाहिल्या, म्हणजे नीट दिसणार नाहीत. पहिल्याचा पडदा मागे दुमडत दुमडत पार उलटा जायचा आणि पाठीला पाठ लावून बसायचा. दुसऱ्याचा पडदा कीबोर्डपासून अलगद सुटून हातात यायचा.

तो सुटा पडदा सरांनी हातात घेतला आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. तोच आकार, तेच वजन, कडेला धरायची तीच जागा. पाटी! पाचव्या वर्षी हातात आलेली आणि सहाव्या वर्षी फुटलेली.

सरांनी तो पडदा ताबडतोब खाली ठेवला. आवडता विद्यार्थी ओळखला जाऊ नये म्हणून शिक्षक त्याच्याकडे जरा कमीच बघतो, तसे ते पुढची दहा मिनिटं फक्त पहिल्याकडे बघत राहिले.

"कुठला देऊ?" बाईंनी विचारलं.

"परीक्षेशिवाय कसं सांगणार?" सर म्हणाले. "रविवारी सकाळी दहा वाजता येतो. दोघांनाही तयार ठेवा."

बाईंना वाटलं गृहस्थ गंमत करताहेत. त्यांची तरी काय चूक? त्यांनी सरांच्या हाताखाली कुठलीच इयत्ता काढली नव्हती.

सरांनी चार दिवस बसून प्रश्नपत्रिका काढली. एकूण गुण शंभर. विभाग पाच, प्रत्येकी वीस गुणांचे. पहिला विभाग बिजागरीचा आणि एकूण अंगकाठीचा. दुसरा, मांडीवर बसण्याची पात्रता. तिसऱ्यात बॅटरी, चौथ्यात तोंडी परीक्षा, म्हणजे विचारलेल्या प्रश्नांची बाईंनी लॅपटॉपच्या वतीने द्यायची उत्तरं. पाचवा विभाग लेखनाचा. तो अकरा वाजता प्रत्यक्ष भिंगरीबरोबर व्हायचा होता. शेवटी सूचना: 'खाडाखोड केल्यास गुण कापले जातील.' ही सूचना लॅपटॉपला कशी लागू होते, असं काकूंनी विचारलं. सर म्हणाले, सूचना सगळ्यांना सारख्याच असतात.

ही प्रश्नपत्रिका गुप्त होती. त्यामुळे गुरुवारपर्यंत ती सगळ्या इमारतीला माहीत झाली.

पहिले आले खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. दिवसभर समोरच्या माणसाचं तोंड उघडं आणि बोलणं बंद असल्यामुळे संध्याकाळी त्यांना संभाषणाची फार भूक लागे.

"सर, तो सुटा होणारा अजिबात घेऊ नका. पक्का दात आणि कवळी यात फरक असतो की नाही? आज निघते, धुऊन ठेवता. उद्या निघते, कुठे ठेवली आठवत नाही. परवा तिच्यावरच बसता!"

डॉक्टरांच्या मागोमाग सोसायटीचे सेक्रेटरी आले. ते बारा वर्षं सेक्रेटरी होते आणि चहा घ्यायचा की नाही हेही ठराव मांडून ठरवत.

"मी सुट्याच्या बाजूने आहे," ते म्हणाले. "भाग वेगळे असले की जबाबदारी वेगळी निश्चित करता येते. आपल्या पाण्याच्या टाकीचं काय झालं आठवतंय ना? टाकी आणि झाकण एकाच कंत्राटदाराला दिलं, आणि आजतागायत झाकण कुणाचं ते ठरत नाही."

"पण हा लॅपटॉप आहे हो," डॉक्टर म्हणाले.

"तत्त्व तेच!"

भांडण रंगलं. शेवटी सरांनी दोघांनाही परीक्षेचं काम देऊन गप्प केलं. डॉक्टर बाहेरचे परीक्षक आणि सेक्रेटरी पर्यवेक्षक. वर्गातल्या दोन सर्वांत बडबड्या मुलांना मॉनिटर करायचं, हा सरांचा जुना उपाय. त्याने वर्ग कधीच शांत झाला नव्हता, पण तक्रार करायला मात्र कुणी उरत नसे.

रविवारी दहाला तिघं दुकानात हजर झाले. सरांनी दोन्ही लॅपटॉपना कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या: बैठक क्रमांक एक, बैठक क्रमांक दोन. सल्लागार बाईंनी त्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं, मग तिन्ही म्हाताऱ्यांकडे पाहिलं, आणि एक खुर्ची ओढून निमूटपणे खाली बसल्या.

बिजागरीची तपासणी डॉक्टरांनी केली. खिशातून छोटा आरसा काढून त्यांनी तो फटीत घातला. "आ करा," असं ते सवयीने म्हणाले आणि क्रमांक एक उघडला. मग बोटाने हळूच दाबून विचारलं, "इथे दुखतंय?" बाई म्हणाल्या, "नाही." डॉक्टरांनी मान डोलावली. क्रमांक एकला साडेसतरा, दोनला सव्वासोळा.

मांडीच्या पात्रतेसाठी सरांनी ठेंगणं स्टूल मागवलं. क्रमांक एक दुमडून मांडीवर घेतला की कीबोर्ड खालच्या बाजूला जायचा आणि त्याच्या कळा धोतर असो की पँट, गुडघ्याला टोचायच्या. पावणेसोळा. क्रमांक दोनचा सुटा पडदा मांडीवर असा बसला की जणू इतकी वर्षं त्याचीच वाट बघत मांडी घातली होती. वीसपैकी वीस द्यायला हात शिवशिवला, पण सरांनी स्वतःला दटावलं आणि साडेअठरावर थांबले.

बॅटरीच्या विभागात दोघंही यथातथाच निघाले. पहिल्याला साडेचौदा, दुसऱ्याला पावणेतेरा. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "वीज गेली तर तू काय करशील?" बाई दोन्ही लॅपटॉपच्या वतीने म्हणाल्या, "चार तास चालेन आणि मग बंद पडेन." प्रामाणिक उत्तर म्हणून पहिल्याला सोळा मिळाले. दुसऱ्यानेही हेच उत्तर दिलं, पण ते ऐकून दिल्याचा संशय आल्यामुळे त्याला साडेपंधरा.

"हा अन्याय आहे," बाई म्हणाल्या. नकळत त्यांनीही बाजू घेतली होती.

"बाकावर बोलायचं नाही," सेक्रेटरी म्हणाले.

आता अकरा वाजले. दुकानातल्या छताला पंखाच नव्हता, हे सरांनी समाधानाने पाहून घेतलं. बाईंनी क्रमांक एक जोडून दिला आणि भिंगरीचा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात उगवला.

"आजोबा! तुम्ही आज सबंध दिसताय!"

खाली मोठं पांढरं पान होतं. भिंगरीने तिकडे 'अ' काढला की तो इकडे उमटे. सरांनी लॅपटॉपचं पेन घेऊन एक वर्तुळ काढलं, तर ते तिकडे उमटलं. अक्षर मात्र किंचित घसरत होतं. अक्षराच्या बाबतीत सर पूर्वीपासून कडक. त्यांनी सव्वादहाच दिले.

मग क्रमांक दोन. सुटा पडदा मांडीवर. सरांनी गणित घातलं: तीन चतुर्थांश अधिक एक अष्टमांश. भिंगरी जीभ बाहेर काढून लिहायला लागली. सर वाकून बघत होते. दुकान, डॉक्टर, चिठ्ठ्या, सगळं विसरले. समोर पाटी आणि पाटीवर गणित. इतकंच.

भिंगरीने उत्तर लिहिलं: चार बारांश.

वरच्यांत वरचे मिळवले, खालच्यांत खालचे! अडतीस वर्षांत ही चूक सरांनी कमीत कमी चार हजार वेळा पाहिली असेल. त्यांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला, खिशातलं पेन निघालं, टोपण दातांनी उडालं, आणि त्या 'चार बारांश'भोवती एक ठसठशीत लाल गोल बसला.

"हे बघ," सर म्हणाले. "लाल केलंय ते."

"कुठे आजोबा? लाल काहीच नाही."

"अगं, हे काय!" सरांनी गोल परत गिरवला. आणखी दाबून.

"खरंच नाहीये."

"अहो सर! तुमचं पेन!" बाई खुर्चीवरून ताडकन उठल्या.

सरांनी हातात पाहिलं. लॅपटॉपचं करड्या रंगाचं पेन टेबलावर होतं. हातात होतं ते त्यांचं स्वतःचं, लाल शाईचं, ज्याच्या रिफिली ते अजूनही डझनाने आणून ठेवत. काचेवर लिहिण्यासाठी एक खरखरीत पातळ फिल्म चिकटवलेली होती. त्या फिल्ममध्ये तो लाल गोल विहिरीसारखा खोल रुतला होता.

सरांनी तो गोल बोटाने पुसून पाहिला. तो निघेना. सेक्रेटरींनी हळूच "झाकण कुणाचं" असं काहीतरी म्हटलं. पडद्याच्या कोपऱ्यात भिंगरी वाट बघत होती आणि आजोबा बोलत नव्हते. तिच्या आठवणीत आजोबा तासाला एवढे गप्प कधीच बसले नव्हते.

"लाल नाही म्हणजे बरोबर आहे?" तिने विचारलं.

सरांचं बोट अजून त्या गोलावरच होतं.

"थांबा," भिंगरी म्हणाली. "बारातले चार म्हणजे... तीनातला एक. पण पाऊण तर आधीच होतं! त्यात मिळवलं, तर कमी कसं झालं?" तिने आपल्या बोटांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि खुर्चीतच एक गिरकी घेतली. "आठ तुकडे करू या. पाऊण म्हणजे आठातले सहा. त्यात एक. सात! आठातले सात! आजोबा, सात अष्टमांश! आई, माझी चूक मला सापडली!"

पलीकडे ती नाचत सुटली आणि पडद्याचा कोपरा रिकामा झाला. सर त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिले. चार हजार वेळा त्यांनी ही चूक दाखवली होती. ती आपण होऊन सापडल्यावर मूल कसं दिसतं, हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

पण विचार करायला सवड कुठे होती? बाईंनी नुकसानीच्या अहवालाचा अर्ज काढला होता. त्यात 'नुकसानीचं कारण' या रकान्यात तीनच पर्याय होते: हातातून पडणे, पाणी सांडणे, आणि लहान मुलांनी रेघोट्या मारणे.

"यात माझं कारण नाही," सर म्हणाले. "चौथा पर्याय करा. उत्तरपत्रिका तपासताना."

"चौथा पर्याय संगणक घेत नाही हो. एक तर निवडावाच लागेल." बाईंनी अपराधी चेहऱ्याने तिसऱ्यावर खूण केली. पुढचा रकाना होता मुलाचं वय. तिथे त्यांनी लिहिलं, एकाहत्तर.

या अपमानाच्या भरात सरांनी पाचव्या विभागाचे गुण दिले, क्रमांक दोनला सव्वाअकरा, आणि बेरजा मारल्या. क्रमांक एक: चौऱ्याहत्तर. क्रमांक दोन: चौऱ्याहत्तर.

डॉक्टरांनी कागद बघितला. सेक्रेटरींनी कागद बघितला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"बरोबरी!" सेक्रेटरी म्हणाले. "आता विशेष सभा घ्यावी लागेल."

मंगळवारपर्यंत इमारतीत दोन तट पडले. डॉक्टरांनी बिजागरीची फेरतपासणी मागितली. सेक्रेटरींनी सूचनाफलकावर 'लॅपटॉप निवडीबाबत रहिवाशांनी मत कळवावे' असा कागद लावला. त्यावर तिघांनी लिफ्टची तक्रार लिहिली आणि एकाने 'टाकीचं झाकण' एवढंच. सर खिडकीपाशी बसून गुणपत्रिका पुनःपुन्हा बघत होते. हातात एकच रविवार उरला होता.

"अहो, आवडतो तो आणा ना," काकू म्हणाल्या.

"आवडतो म्हणून पास करायचं? मग परीक्षा कशाला घेतली?"

"तेच तर मी केव्हाची विचारते आहे."

लेकीचा फोन आला, "बाबा, काय ठरलं? त्या वर्गाचं नाव नोंदवायची मुदत शनिवारी संपते." उशीर का होतोय हे समजावून सांगण्यापेक्षा सरांनी गुणपत्रिकेचा फोटो काढून तिला पाठवला. शिक्षकाची अब्रू त्याच्या कागदातच असते, असं त्यांना वाटे.

बुधवारी दुपारी सर आडवे झाले होते. फोन वाजला. साखरेचा डबा जागेवर नव्हता, म्हणून त्यांनी फोन काकूंच्या खांद्याला टेकवला.

पडद्यावर भिंगरी होती. रविवार नसताना. अकरा वाजले नसताना. तिच्या हातात फोटोची छापील प्रत आणि मागे तिची आई.

"आजोबा, बसा सरळ," ती म्हणाली. "पावणेसोळा म्हणजे सोळाला पाव कमी ना? आईने सांगितलं."

"हो."

"आणि सव्वा म्हणजे पाव जास्त. साडे म्हणजे अर्धा. मग मी सगळे सुटे केले. आधी पूर्ण पूर्ण मिळवले. क्रमांक एकचे सतरा, पंधरा, चौदा, सोळा, दहा. बहात्तर झाले. क्रमांक दोनचे सोळा, अठरा, बारा, पंधरा, अकरा. तेही बहात्तर!"

"मग बरोबरीच आहे," सर म्हणाले.

"मधे बोलायचं नाही," भिंगरी म्हणाली. हा आवाज सरांनी कुठेतरी ऐकला होता. मग लक्षात आलं, तो त्यांचाच होता. "आता तुकडे. एकचे तुकडे मिळून दोन. बहात्तर अधिक दोन चौऱ्याहत्तर. हे तुमचं बरोबर आहे. दोनचे तुकडे: पाव, अर्धा, पाऊण, अर्धा, पाव. पाव, अर्धा आणि पाऊण मिळून दीड. दीड अधिक अर्धा दोन. आणि शेवटचा पाव?"

सर उठून बसले. काकूंच्या खांद्यावरून फोन घसरला, तो त्यांनी झेलला.

"शेवटचा पाव कुठे गेला, आजोबा?"

सरांनी गुणपत्रिका काढली. खालून वर मिळवलं. वरून खाली मिळवलं. सव्वाअकराचा पाव बेरजेत नव्हता. अडतीस वर्षांत त्यांची बेरीज एकदाही चुकली नव्हती. निदान ती दाखवायची हिंमत कुणी केली नव्हती. कुठे गेला तो पाव? लाल गोलाच्या गोंधळात लक्ष उडालं, हे कारण सांगण्यासारखं होतं. पण खरं कारण सरांना आत कुठेतरी कळलं. जो जास्त आवडतो, त्याच्याबद्दल कुणी बोट दाखवू नये म्हणून शिक्षक त्याच्या पदरात पाव कमीच टाकतो. क्रमांक दोनचंच असं झालं होतं का? भिंगरीच्या उत्तरांभोवती इतके दिवस इतके लाल गोल आणि एकदाही शाबासकी नाही, ते आणखी दुसरं काय होतं?

"चुकलं माझं," सर म्हणाले. हे वाक्य उच्चारायला त्यांना जरा सराव करावा लागला. "सव्वाचौऱ्याहत्तर. क्रमांक दोन पहिला आला."

"मी गोल नाही काढला हं," भिंगरी म्हणाली. "म्हटलं तुम्हालाच सापडतंय का बघू. पण तुम्हाला नाही सापडलं."

काकू इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

आता फक्त खरेदी राहिली होती, म्हणजे खरं तर सगळंच राहिलं होतं. शुक्रवारी दुकानात गेल्यावर कळलं की शिक्षकांना सवलत आहे, पण त्यासाठी सध्या कुठे शिकवता याचं प्रमाणपत्र लागतं. अर्जात व्यवसायाचे दोन रकाने होते, 'शिक्षक' किंवा 'निवृत्त'. दोन्हींवर खूण करायची सोय नव्हती.

"निवृत्त आहे मी," सर म्हणाले आणि पूर्ण किंमत द्यायला त्यांनी खिशात हात घातला.

हे ऐकताच बरोबर आलेले सेक्रेटरी पुढे सरसावले. त्यांच्या बॅगेत सोसायटीचा छापील कागद आणि शिक्का कायम असे. काउंटरवरच उभ्या उभ्या त्यांनी लिहिलं: 'दाखला देण्यात येतो की, सदर गृहस्थ आमच्या इमारतीत गेली अनेक वर्षे शिकवताना आढळून येतात. विनंती करूनही ते थांबत नाहीत.' खाली सही, शिक्का आणि जावक क्रमांक.

बाईंनी तो दाखला दोनदा वाचला. "विद्यार्थी संख्या?" त्यांनी अर्जातला पुढचा रकाना विचारला.

"एक," सर म्हणाले.

"लहान शाळा आहे," बाई म्हणाल्या आणि 'शिक्षक' या शब्दावर खूण केली. मग त्यांनी आतून नवा बंद खोका आणला, आणि त्याच्यावर एक छोटं पाकीट ठेवलं. "ही दुकानातल्या लॅपटॉपवरून काढलेली फिल्म. आम्ही नवी लावली. ही टाकूनच द्यायची होती, पण म्हटलं तुमची उत्तरपत्रिका आहे."

फिल्मवर लाल गोल तसाच होता. आत काहीच नव्हतं. सरांनी ती जपून खिशात ठेवली, लाल पेनाच्या मागे.

रविवारी अकरा वाजायला पाच मिनिटं असताना सर मांडी घालून बसले. पडदा अलगद सोडवला, मांडीवर घेतला. डॉक्टर आणि सेक्रेटरी 'सहजच' आले होते. काकूंनी सरांच्या शर्टाच्या खिशातलं लाल पेन काढून घेतलं आणि साखरेच्या डब्यात टाकलं.

पांढरं पान उघडलं. पण भिंगरीच्या आधी तिची आई आली. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. सरांनी मांडीवरचा पडदा दोन्ही हातांनी धरला.

"बाबा, ते चांदण्यांच्या वर्गाचं सांगायचं होतं. काल नाव नोंदवायला बसले होते. पण ही जाणार नाही म्हणते."

"का?"

"तिचं म्हणणं असं," लेक हसू दाबत म्हणाली, "की आजोबांची बेरीज कच्ची आहे. आत्ता कुठे सुधारणा दिसायला लागली आहे, अशा वेळी त्यांना सोडून कसं चालेल?"

डॉक्टर खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवून बसले. सरांनी आपला दुखावलेला मान जरा सावरला, आणि सावरताना त्यांच्या लक्षात आलं की तो फारसा दुखावलेला नाहीच.

मग आई बाजूला झाली आणि भिंगरी खुर्चीत येऊन बसली. गिरकी न घेता. तिने पांढऱ्या पानावर दोन अपूर्णांक लिहिले, मधे अधिकचं चिन्ह काढलं आणि पेन खाली ठेवलं.

"हं, आजोबा," ती म्हणाली. "सोडवा. घाई करू नका. चुकलं तर मी काही बोलणार नाही."

सरांनी करड्या रंगाचं पेन उचललं, जीभ किंचित बाहेर काढली, आणि लिहायला लागले.